संगणकसाक्षरतेचा राहिलेला धडा

अशोक स्तंभापासून पश्चिमेकडे निघणारा गंगापूर रोड हा महाविद्यालयांचा, शिकवणी वर्गांचा आणि निवृत्तांच्या वसाहतींचा रस्ता आहे. आनंदवल्ली आणि सोमेश्वर मागे टाकून पुढे गेले की धरणाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे आवार लागते. शिक्षणावर एवढी श्रद्धा असलेल्या या परिसरात संगणक नाही असे सुशिक्षित घर आज शोधावे लागेल. पण त्या संगणकाची निगा कशी राखावी हे ठाऊक असलेले घरही तितकेच शोधावे लागेल. ही उणीव आता हसण्यावारी नेण्याजोगी राहिलेली नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्या घरच्या संगणकात निवृत्तिवेतनाची कागदपत्रे होती, नातीच्या प्रबंधाची दोन प्रकरणे होती आणि पंधरा-सोळा वर्षांची कौटुंबिक छायाचित्रे होती. एके सकाळी ई-मेलने आलेले कसलेसे बिल त्यांनी उघडले. तासाभरात सर्व फायलींची नावे बदलली आणि खंडणी मागणारी इंग्रजी सूचना पडद्यावर झळकू लागली. दुरुस्तीस बोलावलेला तरुण आला, त्याने यंत्र पाहिले आणि म्हणाला, "सर, फॉरमॅट मारावा लागेल." सरांनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत संगणक नव्यासारखा चालू लागला, पण आत काहीही उरले नव्हते. घरातील जुनी छायाचित्रे मात्र वाचली, कारण ती अल्बममध्ये काळ्या कोपऱ्यांत चिकटवलेली होती.

या प्रसंगात कोणी मूर्खपणा केला असे म्हणता येणार नाही. सरांनी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या नीट ठेवल्या, पुस्तकांना कसर लागू नये म्हणून कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवला, सायकलीला वेळच्या वेळी तेल दिले. वस्तू वापरायची तर तिची निगाही राखायची, हा त्या पिढीचा धर्मच होता. संगणकाच्या बाबतीत तो पाळला गेला नाही, याचे कारण तो कसा पाळायचा हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

वापर शिकवला, निगा शिकवली नाही

महाराष्ट्रात संगणकसाक्षरतेचा प्रसार मोठ्या प्रमाणावर झाला. राज्य शासनाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. शिक्षक, लिपिक, गृहिणी या सर्वांनी तो उत्तीर्ण केला. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु समाज म्हणून आपण संगणकाकडे प्रमाणपत्राच्या दृष्टीने पाहिले. पत्र टंकणे, तक्ता तयार करणे आणि अर्ज भरणे एवढे आले की विषय संपला, अशी आपली समजूत झाली. यंत्र बिघडले तर दुरुस्ती करणारा आहेच. आणि त्या बिचाऱ्याजवळ बहुतेक वेळा एकच औषध असते, ते म्हणजे फॉरमॅट.

घाईने केलेले फॉरमॅट कधीकधी मूळ रोगापेक्षा घातक ठरते. खंडणीखोर प्रोग्रॅम फायली नष्ट करत नाही, तर कुलूपबंद करतो. अशा काही कुलपांच्या किल्ल्या पुढे तपास यंत्रणांच्या हाती लागतात. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि काही संगणक-सुरक्षा कंपन्या यांनी २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम सुरू केला आणि अनेक प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या तेथे विनामूल्य ठेवल्या. प्रत्येक वेळी किल्ली मिळेलच असे नाही. पण कुलूपबंद डिस्क जपून ठेवली तर आशा राहते. ती पुसून टाकली की आशाही पुसली जाते. सरांची डिस्क बाजूला काढून नवी बसवली असती, तर निदान वाट पाहता आली असती.

'आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?'

निगेचा विषय काढला की हमखास एक उत्तर मिळते : आम्ही साधी माणसे, आमच्या संगणकात चोरण्यासारखे आहे काय? हे उत्तर नम्रपणाचे वाटते, परंतु ते चुकीचे आहे. नाशिक रोडला नोटा छापल्या जातात, तेथे कडेकोट बंदोबस्त असतो. मात्र त्याच पैशांचे व्यवहार आज आपण घरच्या टेबलावरून करतो, आणि तेथे पहारा आपलाच असतो. शिवाय खंडणीखोराला आपल्या फायलींची बाजारात काय किंमत येईल याच्याशी कर्तव्य नसते. आपल्याला त्यांची किंमत किती वाटते, एवढ्यावरच त्याचा धंदा चालतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. निगा न राखलेला संगणक केवळ मालकाचे नुकसान करत नाही. अशा यंत्रांचा ताबा दुरूनच घेऊन त्यांच्या फौजा इतरांवर सोडल्या जातात, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली होती. त्या हल्ल्यात लोकांच्या घरांतील कॅमेरे आणि राउटर वापरले गेले होते, आणि त्यांपैकी असंख्य उपकरणांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड मालकांनी कधी बदललेच नव्हते. आपल्या अंगणातले साचलेले पाणी हा जसा केवळ आपला खासगी प्रश्न नसतो, तसेच हे आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये अशा बाधित यंत्रांच्या सफाईसाठी जे केंद्र सुरू केले, त्याला 'सायबर स्वच्छता केंद्र' हे नाव दिले ते यथार्थच म्हटले पाहिजे. तेथील सफाईची साधने नागरिकांना मोफत मिळतात.

इलाज होता, लावला नव्हता

संगणकावरील संकटे अकस्मात कोसळतात, त्यांना इलाज नसतो, असाही एक समज आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेहून अधिक देशांत लक्षावधी संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. परंतु ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, प्रसिद्ध केली होती. ज्यांनी ती बसवली ते या फटीपुरते सुरक्षित राहिले, आणि ज्यांनी 'नंतर पाहू' म्हणून सूचना मिटवली ते सापडले. एवढा गाजावाजा होऊनही २७ जूनला आलेल्या 'नॉटपेट्या'ने इतर मार्गांबरोबर तीच फट पुन्हा वापरली. त्याच हल्ल्यात आपल्या न्हावाशेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले होते.

संगणक 'अपडेट करू का?' असे विचारतो, तेव्हा ती कटकट नसते. उघड झालेली फट बुजवू का, असा तो प्रश्न असतो. फटीची वार्ता जाहीर झाली की ती चोरालाही कळते. म्हणून 'नंतर' हे उत्तर सर्वांत धोक्याचे.

चोरटी प्रत

येथे आपल्या मध्यमवर्गाच्या एका दुखऱ्या जागेला हात घालणे भाग आहे. घरच्या संगणकात विंडोजची चोरटी प्रत टाकून घेण्याला आपण चोरी समजत नाही. दुकानदार ती 'मोफत' टाकून देतो आणि आपण समाधानाने घरी येतो. पण ही प्रत पकडली जाऊ नये म्हणून अनेकदा अपडेटची व्यवस्थाच बंद करून ठेवलेली असते, आणि कुलूप तोडणाऱ्या त्या प्रोग्रॅमबरोबर आणखी काय आत आले हे दुकानदारालाही ठाऊक नसते. आयबीएम धर्तीच्या संगणकांवरचा पहिला व्हायरस १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. आपल्या प्रोग्रॅमच्या चोरट्या प्रती निघू नयेत यासाठी तो होता, असे त्यांचे म्हणणे होते. आणि नकललेल्या फ्लॉपींवरूनच तो जगभर गेला. फ्लॉपी जाऊन पेनड्राइव्ह आला, पण मार्ग तोच राहिला. ज्यांना विंडोजची किंमत परवडत नाही त्यांना लिनक्ससारखी कायदेशीर आणि विनामूल्य प्रणाली उपलब्ध आहे. पत्रव्यवहार, अभ्यास आणि बँकेचे काम यांसाठी ती पुरेशी आहे.

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची नोंदणी करून घेण्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच ठेवण्यात आली. यंत्र सुरूच राहते, पण नव्या फटी बुजवणारा कोणी राहत नाही. अशा वेळी यंत्र विंडोज ११ ला योग्य असेल तर ती घ्यावी. नसेल तर जुने यंत्र भंगारात टाकण्याआधी त्यावर लिनक्स चालवून पाहावे. काहीच न करणे हा मात्र पर्याय नव्हे.

नवशिक्याने काय करावे?

निगेचे नियम थोडे आहेत आणि त्यांना विद्वत्ता लागत नाही. पहिला नियम दुसऱ्या प्रतीचा. जी फाइल एकाच ठिकाणी आहे ती हरवलीच असे समजावे. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झाले की ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्कही खंडणीखोर कुलूपबंद करतो. आणखी एक प्रत घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत असावी. गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागल्यावर माल हलवायला निघणारा दुकानदार घाटावर टिकत नाही. पुराची तयारी कोरड्या दिवसांत करायची असते. घेतलेली प्रत खरोखर उघडते की नाही, हेही महिन्यातून एकदा पाहावे.

दुसरा नियम खात्याचा. रोजच्या कामासाठी सर्वाधिकार नसलेले साधे खाते वापरावे. प्रोग्रॅम बसवण्याचे अधिकार असलेले खाते वेगळे असावे. अशाने चुकून उघडलेल्या फाइलचे हात बरेच बांधले जातात. विंडोजमध्ये अंगभूत अँटिव्हायरस असतो. तो चालू ठेवला तर सामान्य घरास पुरतो. एकाच वेळी दोन बसवू नयेत.

तिसरा नियम पासवर्डचा. ई-मेलचा पासवर्ड इतर कोठेही वापरू नये, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बहुधा ई-मेलवरूनच बदलता येतात. वेगवेगळे पासवर्ड लक्षात राहत नसतील तर ते वहीत लिहून कुलपात ठेवावेत. यात काही गैर नाही. घरातली वही परदेशातल्या चोराला दिसत नाही. सगळीकडे वापरलेला एकच पासवर्ड मात्र एका ठिकाणी फुटला की सगळीकडे फुटतो. राउटरचा मूळ पासवर्डही बदलावा.

चौथा नियम अनोळखी साहाय्यकाचा. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, एवढा प्रोग्रॅम उतरवून घ्या' असे फोनवर सांगणारा माणूस आपले यंत्र त्याच्या ताब्यात मागत असतो. कोणतीही कंपनी किंवा बँक असा फोन करत नाही. फोन ठेवून देण्यात असभ्यपणा नाही. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

शेवटी यंत्राच्या देहाचा विचार. चालू संगणकावर विणलेले आवरण घालणे किंवा तो टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडणे, म्हणजे त्याचा श्वास कोंडणे होय. वर्षातून दोन-तीनदा वीज बंद करून, प्लग काढून पंख्यावरची धूळ मऊ ब्रशने काढावी. घराचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि वळवाच्या गडगडाटात विजेबरोबर इंटरनेटची तारही काढून ठेवावी.

हे कोणी शिकवावे?

हे सर्व अर्ध्या दिवसात शिकवता येते. त्यासाठी नवी योजना, नवे अनुदान किंवा नवी समिती नको. गंगापूर रोडवरील महाविद्यालयांत संगणकशास्त्राचे शेकडो विद्यार्थी आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी दरवर्षी खेड्यांत शिबिरासाठी जातात. त्यांनी एक रविवार आपल्याच रस्त्यावरील ज्येष्ठ नागरिकांना द्यावा. मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी घरी बसूनच शिकतात. त्यांच्या प्रवेशाच्या माहितीबरोबर निगेचे एक मराठी पानही द्यावे. १८४० पासून शहराची सेवा करणाऱ्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेला हा विषय परका वाटू नये, कारण आजचे कितीतरी लेखन आणि दस्तऐवज कागदावर कधी उतरतच नाहीत.

जुन्या पिढीचे पत्रव्यवहार आणि छायाचित्रे ट्रंकेत पडून राहिली तरी टिकली. आपल्या पिढीच्या आठवणी अशा आपोआप टिकणार नाहीत. कोणीतरी त्यांची दुसरी प्रत काढली तरच त्या नातवंडांच्या हाती पडतील. सरांनी आता एक छोटी हार्ड डिस्क आणली आहे आणि दर रविवारी सकाळी ते त्यावर प्रत घेतात. त्यांच्या हातून जे गेले ते गेले. इतरांनी मात्र हा धडा एवढी किंमत मोजून शिकण्याची गरज नाही.