उमेदवारी की वेठ?

पूर्वी सुताराच्या किंवा सोनाराच्या हाताखाली उमेदवारी करणारा मुलगा वर्षानुवर्षे पडेल ते काम करी. मजुरी नाममात्र, बोलणी मात्र भरपूर. तरीही तो टिकून राही. कारण आज ना उद्या आपणही कारागीर होऊ, ही खात्री त्याला असे. 'उमेदवार' या शब्दात 'उमेद' आहे ती उगाच नव्हे. महाराष्ट्रातील शाळांतून शिक्षकांच्या मदतीस जी तरुण मंडळी उभी केली जातात, त्यांच्या वाट्याला उमेदवारीचे कष्ट तेवढे आले, उमेद मात्र आली नाही, असे खेदाने म्हणणे आम्हांस भाग आहे.

2000 साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. रीतसर निवड झालेल्या शिक्षकानेही पहिली तीन वर्षे ठराविक मानधनावर काढावीत, असा तिचा दंडक. वर्ग तोच, अभ्यासक्रम तोच, जबाबदारीही तीच. वेगळे काय ते नाव आणि पगार. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकास 2022 अखेरपर्यंत महिन्याकाठी 6 हजार रुपये मिळत. 1 जानेवारी 2023 पासून ते 16 हजार झाले. ही वाढ उशिरा झाली, पण झाली. आणि तीन वर्षांनी का होईना, कायम नोकरीचे दार त्याला दिसते.

त्याच्याही खालच्या पायरीवर जो उभा आहे, त्याला दारच नाही. 2024 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून अनेक सुशिक्षित बेकार सहा महिन्यांसाठी जिल्हा परिषदांच्या शाळांत दाखल झाले. बारावी झालेल्यास 6 हजार, पदवीधरास 10 हजार रुपये विद्यावेतन. पुढे मुदतीत पाच महिन्यांची भर पडली. अकरा महिने भरले की प्रमाणपत्र घेऊन घरी! कागदोपत्री हे प्रशिक्षण होय. परंतु दोन शिक्षकांवर चार-पाच इयत्ता चालणाऱ्या शाळेत एक गुरुजी निवडणुकीच्या कामावर गेले की वर्गावर कोण उभा राहतो, हे का सांगावयास हवे?

या सर्वांना सरसकट कायम करा, असे आम्ही म्हणणार नाही. सरकारी नोकरीत मागच्या दाराने प्रवेश नको, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली उमादेवी खटल्यात बजावले आहे, आणि ते रास्तच आहे. मुले पात्र शिक्षकाच्याच हाती सोपविली पाहिजेत. पण मागचे दार बंद करणाऱ्याने पुढचे दार वेळेवर उघडावयास नको काय? शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली. त्यानंतरची एकदम फेब्रुवारी 2023 मध्ये. मधल्या पाच वर्षांत पदविका घेऊन बसलेल्या तरुणांची वये वाढली, लग्ने लांबली, कित्येकांनी निराळाच धंदा धरला असेल. शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे 2009 चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. तो पाळावयाचा, तर भरती दरवर्षी ठरल्या तारखेस झाली पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : मदतनीसाच्या कामाला पुढची पायरी द्या. जो शिक्षकाची अर्हता मिळवील, त्याच्या शाळेतील अनुभवास निवडीत काही गुण असावेत. ज्याच्यापाशी ती नाही, त्याला ती मिळविण्यास साहाय्य व्हावे. शिक्षणसेवकाचा काळ एका वर्षावर आणावा आणि त्या वर्षात जुन्या, जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली त्याने खरोखर काही शिकावे.

सगळा दोष सरकारच्या माथी मारून आम्हां शहरवासीयांस मोकळे होता येणार नाही. बालवर्गासाठी भरमसाट शुल्क मुकाट्याने भरणारे आपण, आपल्या मुलाचे नाक पुसणाऱ्या, त्याचा डबा उघडून देणाऱ्या मदतनीस ताईंना महिन्याला काय मिळते, असे कधी विचारतो काय? प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पुरेसे वेतन मिळावे, असा आग्रह जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे धरला होता. त्यांचे नाव आपण उठताबसता घेतो. त्यांचे म्हणणे मात्र अद्याप ऐकावयाचे राहिले आहे.