उडी घ्यावी, पण पाणी पाहून

परवा मामाच्या गावी, जऊळक्याला गेले होते. अकोला-पूर्णा मार्गावरचं हे मालेगाव तालुक्यातलं स्टेशन. लहानपणी मीटरगेजच्या गाडीनं यायचो, २००८ मध्ये रूळ रुंद झाले. चहा होतो न होतो तोच मामेबहिणीनं वही पुढे केली. ‘‘ताई, गटात दालमिलची गोष्ट चालली हाये. करू का वं? पैसे बुडाले तं घरचे मले आयुष्यभर बोलतीन.’’

तिच्या एका वाक्यात आपल्या सगळ्याजणींची गोष्ट आली. पुरुषाचा धंदा बुडाला तर ‘नशीब खराब’ म्हणतात. बाईचा बुडाला तर ‘सांगितलं होतं ना, घरात बस!’ म्हणून आपण संधी समोर आली तरी आधी माघारीचा रस्ता शोधतो. हा भित्रेपणा नव्हे. चुकण्याची किंमत आपल्याला जास्त पडते, हे अनुभवानं आलेलं शहाणपण आहे. पण त्यातच अडकून राहिलो तर वही वहीतच राहते.

संधी आज आहे, हे खरं. वाशीम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. शेतात सोयाबीनबरोबर तूर आहेच. छोट्या प्रमाणावर डाळ करण्यासाठी अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली मिनी दालमिल विदर्भात कितीतरी गटांनी घेतली आहे. शिवाय ऑगस्ट २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना १,५०० रुपये अनेकींच्या खात्यात येऊ लागले. स्वतःच्या नावावरचा पैसा हाती आला की मनात बेत येणारच.

बहिणीच्या वहीत पहिलीच नोंद होती, ‘हप्ता लाडकी बहीणच्या पैशातून’. मी तिथेच बोट ठेवलं. जुलै २०२५ मध्ये सरकारनंच सांगितलं होतं, की छाननीनंतर २६ लाखांहून अधिक खात्यांचे पैसे तात्पुरते थांबवले आहेत. जो पैसा आपल्या हातात नाही, त्याच्या भरवशावर आपल्या हातानं सही करायची नाही. आला तर बाजूला टाकायचा, अडचणीला होईल. हप्ता धंद्यातूनच निघाला पाहिजे.

मग दोघी हिशेबाला बसलो. समजा, हप्ता महिना ६,००० रुपये. वर्षाचे झाले ७२,०००. तूर भरडून देण्याच्या कामात वीज, मजुरी जाऊन क्विंटलमागे ३०० रुपये उरले, तर वर्षाला २४० क्विंटल तूर लागेल. महिन्याला २०, ऐकायला सोपं वाटतं. पण बाई, तूर काही बारा महिने येत नाही! हंगाम चार महिन्यांचा धरला तर महिन्याला ६० क्विंटल. एवढी तूर आपल्याकडे कोण आणणार? शेजारच्या गावात आधीच मिल आहे का? वीज किती तास असते? बहिणीचा चेहरा उतरला, पण लगेच म्हणाली, ‘‘म्हंजे आधी गावात विचारा लागते.’’ हाच तर मोजून घेतलेला धोका!

याबाबतीत मला सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायका फार शहाण्या वाटतात. चेतना गाला सिन्हा यांनी तिथे बायकांची बँक काढायची ठरवली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण त्यावर अंगठे होते. बायका रडत बसल्या नाहीत. काही महिने लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, ‘आम्हाला व्याजाचा हिशेब तोंडी विचारा, तुमच्या माणसांनी यंत्रावर करावा, बघू कोण आधी सांगतं.’ १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अक्षर येत नसलं तरी त्यांना आकडा येत होता, आणि धाडस त्या आकड्यावर उभं होतं.

कर्जाचंही तसंच. दारात येऊन दहा मिनिटांत पैसे देणारे फायनान्सवाले अनेकदा २० टक्क्यांच्या वर व्याज लावतात. बचत गटाला बँकेतून मिळणारं कर्ज बरंच स्वस्त पडतं, फक्त चकरा माराव्या लागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार अशा छोट्या कर्जांत घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मी तर म्हणेन, निम्मंही खूप झालं. सोयाबीनचा भाव पडला की त्या वर्षी कमाईच निम्मी होते.

मग करायचंच नाही का? करायचं, पण आधी लहान करून बघायचं. बहिणीच्या गटानं मिल घेण्याआधी एक क्विंटल तूर दुसऱ्याच्या मिलवर भरडून आणायचं ठरवलं. शंभर किलोतून ७०-७५ किलो डाळ मिळते, चुनी जनावरांना जाते. डाळ किलोच्या पिशव्यांत भरून विकायची आणि कुणी दुसऱ्यांदा मागते का, ते वहीत लिहायचं. बुडालं तर एका क्विंटलचं बुडेल, घर नाही.

मैत्रिणींनो, स्वतःला तीन प्रश्न विचारा. बुडालं तर किती बुडेल? तेवढं मी सोसू शकते का? आणि नाही केलं तर पाच वर्षांनी मी कुठे असेन? तिसरा प्रश्न आपल्याला कुणी विचारत नाही. काही न करण्यातही धोका असतोच, त्याचा हप्ता दिसत नाही एवढंच.

काल बहिणीचा फोन आला. पिशव्या संपायला पंधरा दिवस लागले, पण चौघींनी पुन्हा मागितल्या. मिलचं अजून ठरलं नाही. ‘‘अजून दोन क्विंटल करून पाह्यतो, मंग बँकेत जातो,’’ म्हणाली. आवाजात पहिल्यासारखी भीती नव्हती, हिशेब होता.