लुकलुकता प्रकाश व मेंदूंतील वीज

भातसा धरणाच्या पायथ्याशीं १५ मेगावॅट वीज उत्पन्न होते, हें भातसानगरच्या मुलांस सांगावयास नको. परंतु आपल्या मस्तकांतही अहोरात्र वीज उत्पन्न होत असते, हें किती जणांस ठाऊक असेल? मस्तकावर ती मोजली तर व्होल्टाच्या कांहीं दशलक्षांशांइतकीच भरते. तथापि तिच्याविषयींच्या अज्ञानामुळें आमच्या खेड्यापाड्यांतील निष्पाप मुलांस क्लेश सोसावे लागतात. म्हणून हे चार शब्द.

जर्मनींतील येना येथील वैद्य हान्स बर्गर यांनीं ही वीज १९२४ सालीं प्रथम टिपिली व १९२९ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १९३४ सालीं केंब्रिज येथें एड्रियन व मॅथ्यूज यांनीं दाखविलें कीं, डोळ्यांपुढें प्रकाश ठराविक गतीनें लुकलुकविला असतां मेंदूंतील विजेच्या लहरीही त्याच गतीनें उठूं लागतात. टाळकऱ्यांनीं मृदंगाचा ठेका धरावा, तद्वत् डोक्याच्या पाठीमागील दृष्टिकेंद्र प्रकाशाचा ठेका धरितें. आजचे डॉक्टर या गुणाचा उपयोग करितात. पडद्यावरील काळ्यापांढऱ्या चौकटी आलटूनपालटून दाखविल्या असतां निरोगी मेंदू सुमारें एक-दशांश सेकंदांत उत्तर देतो. विलंब झाल्यास दृष्टीच्या मज्जातंतूस विकार असल्याची शंका येते.

कांहीं थोड्या मुलांच्या मेंदूंत मात्र हा ठेका दृष्टिकेंद्रापुरता न राहतां सर्वत्र पसरतो, आणि मूल फेफरें येऊन पडतें. अपस्माराच्या शंभर रोग्यांत असे सुमारें तिघेच असतात. जपानांत १६ डिसेंबर १९९७ रोजीं पोकेमॉन नामक चित्रमालिकेंत तांबडा व निळा प्रकाश सेकंदास सुमारें १२ वेळां झळकला, आणि जवळजवळ ६८५ मुलांस रुग्णालयांत न्यावें लागलें. या सर्वांस एकाच सायंकाळीं भुतानें झपाटलें, असें कोणी म्हणेल काय?

आमचीं वडीलधारीं माणसें म्हणतील, "पोर पाण्याकांठींच पडलें, तेव्हां तेथें कांहींतरी बाधा असलीच पाहिजे." त्यांचें पाहणें खरें असूं शकेल, काढलेलें कारण मात्र खोटें. पाण्यावर चमचमणारें ऊन किंवा झाडांच्या रांगेंतून लुकलुकणारा सूर्यप्रकाश हाच अशा मुलास पुरेसा होतो. त्यावर भगताचा अंगारा किंवा हुंगविलेला कांदा काय करणार? मुलास कुशीवर वळवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, व डॉक्टरांकडे न्यावें. झटका पांच मिनिटांत न थांबल्यास तांतडीनें न्यावें. प्रकाशानें ज्यास फेफरें येतें, त्यानें लुकलुकाट सुरू होतांच एक डोळा तळहातानें पूर्ण झांकावा व तेथून दूर व्हावें. नुसते डोळे मिटणें पुरत नाहीं.

अपस्मारास विवाहाच्या आड आणणारी तरतूद हिंदु विवाह कायद्यांतून १९९९ सालीं काढून टाकण्यांत आली. कायद्यानें जो कलंक पुसला, तो गांवानें जपून ठेवावा हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें. विद्यार्थीहो, तुमच्या वर्गांत असा एखादा सोबती असेल, तर त्याच्या शेजारीं बसा. त्याच्या डोक्यांत जी वीज आहे, तीच तुमच्याही डोक्यांत आहे.