अर्ध्या दिवसाचं रान

बाई घराबाहेर पडली की तिच्या हातात काहीतरी असावं लागतं. भाजीची पिशवी, दळणाचा डबा, पूजेचं ताट, पोराचं दप्तर. रिकाम्या हातांनी, कुठेही न जाता, नुसतीच तीन-चार तास चालून परत आलेली बाई आपल्या गावात कुणी पाहिली आहे का? 'फिरायला गेले होते' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'कुठे?' त्यावर 'कुठे असं नाही, अशीच' म्हटलं, तर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. फक्त भुवया वर जातात!

चालणं आपल्याला नवीन नाही हो. नवरात्रात पहाटे अनवाणी देवीला जाणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. आळंदीहून पंढरपूर म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. डोक्यावर तुळस घेऊन साठीच्या, सत्तरीच्या बाया ते चालतात. पायांत बळ आहेच. पण त्या चालण्याला देव लागतो, नवस लागतो, निदान डॉक्टरांनी 'शुगर वाढलीय, रोज चाला' असं सांगावं तरी लागतं. स्वतःच्या आनंदासाठी अर्धा दिवस रानात काढणं आपल्या हिशेबात कुठेच बसत नाही.

हे सगळं मनात घोळायला लागलं ते सिडनीत. माझी पुतणी तिथे राहते, तिच्याकडे एका एप्रिल महिन्यात गेले होते. आपल्याकडे तेव्हा कडक ऊन, तिकडे थंडीची चाहूल. तिच्या घराजवळच्या बागेत बाबागाड्या घेऊन बसलेल्या आपल्याकडच्या आया भेटायच्या. कुणी नगरची, कुणी लातूरची, सगळ्या लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या. एक ताई म्हणाल्या, "अहो, तीन महिने झाले, घर ते बाग आणि बाग ते घर. एवढं मोठं शहर, पण मला दिसलं काय, तर डायपर आणि डिशवॉशर!" पुतणीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "काकू, रविवारी त्यांनाही घेऊ. लांब नाही जायचं, लोकलने जायचं."

लोकलने रानात! मला आधी गंमत वाटली. पण सिडनीची हीच खुबी आहे. शहर वालुकाश्माच्या पठारावर वसलेलं. पठाराला ओढ्यांनी खोल घळी पाडलेल्या. रेल्वेचे फाटे आणि वस्त्या उंचवट्यांवरून गेल्या. खालच्या घळी बांधकामाला अवघड, म्हणून बऱ्याचशा रानाच्याच राहिल्या. त्यामुळे कितीतरी स्टेशनांवर उतरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की डांबरी रस्ता संपतो आणि झाडी सुरू होते. तिकडे या झाडीला 'बुश' म्हणतात. ही भूमी मूळची दारुग भाषा बोलणाऱ्या लोकांची. त्यांच्या पायवाटा या सगळ्याच्या कितीतरी आधीच्या.

आम्ही चेल्टनहॅम नावाच्या स्टेशनवर उतरलो. शहराच्या मुख्य स्टेशनापासून पाऊण तासाच्या आसपास लागतो. छोटंसं स्टेशन, बाहेर ना रिक्षा ना वडापावची गाडी. बागा असलेल्या घरांमधून चालत गेलो आणि एका गल्लीच्या टोकाला रान! वाट खाली उतरते, लेन कोव्ह नदीच्या वरच्या अंगाला जाते, काही अंतर काठाने चालते, मग पुन्हा वस्तीत चढते आणि फिरून त्याच स्टेशनवर येता येतं. रमतगमत, डबा खाऊन, चार तास.

नीलगिरी आपल्याला रस्त्याकडेची किंवा सामाजिक वनीकरणातली ठाऊक, रांगेत उभी. तिच्या मायदेशात ती कशी दिसते ते पाहून मी थक्क झाले. ही झाडं पानं राखतात आणि साल टाकतात. त्यांच्यातच एक भाऊबंद आहे, अँगोफोरा. जुनी साल गळाली की आतून गुलाबी-केशरी गुळगुळीत खोड निघतं, तेल लावून न्हाऊ घातलेल्या बाळासारखं. (ताईंनी ही उपमा दिली. दुसरी कुठली सुचणार!) कूकाबुरा पक्षी ओरडला तेव्हा आम्हा दोघींना खरंच वाटलं की कुणीतरी आमच्यावर खदखदून हसतंय. पुढे वाटेत एक भलामोठा खडक लागतो, देवमाशासारखा. त्याला डोळ्याच्या जागी खोबणसुद्धा आहे. त्याच्या सावलीत आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

अगदी निर्मनुष्य अरण्य मात्र समजू नका. या खोऱ्याच्या एका भागातून 1997 मध्ये सुरू झालेला मोठा मोटारमार्ग जातो. बराच वेळ त्याची घरघर कानावर येत राहते. पाऊस पडून गेला असेल तर जळवा लागतात, उन्हाळ्यात साप निघतात, वणव्याचा धोका असेल त्या दिवशी रानात शिरायला बंदी असते. ओढ्याचं पाणी पिऊ नये, प्यायचं पाणी घरूनच न्यावं. फोनची रेंज मध्येच जाते, म्हणून कुठे चाललो आणि किती वाजता परत येणार हे घरी सांगून निघायचं, अशी तिकडची शिस्त आहे.

मी मात्र माणसं पाहत होते. पंचाहत्तरीची एक आजी, हातात काठी, एकटी. पाठीवर झोळीत बाळ घेतलेली एक आई. घामाघूम होऊन पळत गेलेल्या दोन मुली. कुणी कुणाकडे वळून पाहत नव्हतं. 'या बायका धीट असतात बाई,' असं ताई म्हणाल्या. मला ते तितकंसं पटलं नाही. फाटा आला की पाटी. पाटीवर अंतर लिहिलेलं. तिकडे पायवाटांना एक ते पाच अशा श्रेणी असतात. पहिलीवरून चाकाची खुर्चीही जावी, पाचवीवर फक्त सराईतांनी जावं. खेळाच्या मैदानाकडेला स्वच्छतागृह. आणि चढण चढून आलं की घरी नेणारी गाडी. एवढी सोय असेल तर माझ्यासारखी भित्रीसुद्धा धीट होते. आपल्याकडे बाईच्या धाडसाचं कौतुक फार होतं. पण तिला धाडस करावं लागू नये, यासाठी एक पाटी लावायची म्हटली तर कुणाला सुचत नाही.

आणि या सोयी काही आपोआप झाल्या नाहीत. स्टेशनहून रानाकडे जाताना पुतणीने एका रस्त्याकडे बोट दाखवलं. तिथे मारी बाइल्स नावाच्या बाईचं घर आहे. घराचं नाव ऐकून मी जागीच थांबले. नाव आहे 'अहिंसा'!

ही बाई 1900 साली इंग्लंडमध्ये जन्मली आणि 1911 मध्ये आईवडिलांबरोबर सिडनीला आली. वडील रेल्वेत सिग्नलचे अभियंता. त्या राज्यात बाईला वकिली करण्याची मुभा देणारा कायदा झाला 1918 मध्ये. 1924 मध्ये मारीला सनद मिळाली आणि तिथे सॉलिसिटर म्हणून काम करणारी ती पहिली स्त्री ठरली. पुढे 1929 मध्ये ईस्टवुडला, म्हणजे याच रेल्वेमार्गावर, तिने स्वतःचं कार्यालय थाटलं. स्त्रियांच्या एका साप्ताहिकात ती बायकांना कायदा समजावून सांगणारं लेखन करायची. म्हणजे आपल्या या पानाचीच थोरली बहीण म्हणा ना!

आणि तिला रानाचं वेड. 1922 मध्ये, बायकांनी एकटं कुठे मुक्काम करू नये अशा काळात, मैत्रिणींना घेऊन ती सिडनीच्या उत्तरेला समुद्रकाठच्या बूडी भागात जाऊन राहिली. तो किनारा लोकांसाठी राखून ठेवावा म्हणून तिने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 1935 मध्ये तो राखीव झाला, आज तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. सिडनीत रानभटकंतीचा एक जुना संघ होता, 1914 पासूनचा, फक्त पुरुषांचा. 1927 मध्ये बायकांनाही बरोबरीने सभासद करून घेणारा नवा संघ निघाला, त्यात मारी सामील झाली. नकाशे, अर्ज, सरकारी उत्तरं, पुन्हा अर्ज... वकिलीचा उपयोग तिने यासाठीही केला.

आपल्याशी तिचं नातं नुसतं घराच्या नावापुरतं नाही. 1953-54 मध्ये ती भारतात आली आणि बुद्ध ज्या वाटांनी चालले त्या प्रदेशातून फिरली. त्यावर तिचं पुस्तक 1957 मध्ये निघालं. बुद्ध आणि गांधीजी यांच्यावरही तिने लिहिलं. 'अहिंसा' हे घर 1938 मधलं, रानाच्या कडेला. खोल्या बेताच्या आणि व्हरांडा मोठा. ती झोपायचीही व्हरांड्यातच.

1966 मध्ये त्याच व्हरांड्यात ती झोपलेली असताना तिच्यावर हल्ला झाला. डोक्याला, जबड्याला भयंकर इजा झाली. सहासष्ट वर्षांची बाई. तिने नाना देशांतले डोंगर पालथे घातले होते, चीनमधल्या शिखरावर मोहीम नेली होती. त्या सगळ्या भटकंतीत जे झालं नाही, ते स्वतःच्या घरी झालं. हे ऐकून ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आणि आपल्याला सांगतात, घरात बस, बाहेर धोका आहे." रानात धोका नाही असं मी म्हणणार नाही. तिकडेही बायकांना अंधार पडायच्या आत परतावंसं वाटतं. पण बाईच्या सुरक्षिततेचा विचार म्हणजे तिला दार लावून घ्यायला सांगणं, ही फार आळशी समजूत आहे. मारी बरी होऊन तिथेच राहिली. घर आणि भोवतालचं रान तिने वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला देऊन टाकलं. 1979 मध्ये तिथेच तिचं निधन झालं.

आता आपल्या गावाकडे या. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठली लोकल आणि कुठलं बुश? मुंबईकरांना बोरिवली स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर राष्ट्रीय उद्यान आहे, ते त्यांचं भाग्य. पण आपल्या बहुतेक गावांना एक टेकडी असते, एक ओढा, एक गायरान, एक जुना तलाव. एसटी स्टँडवरून अर्ध्या तासात पोचता येतं. तिथे बायका कधी जातात? वर्षातून एकदा, टेकडीवरच्या देवीच्या यात्रेला. उरलेल्या दिवशी तिथे पत्त्यांचे डाव, बाटल्यांच्या काचा. मग तिकडे आपण जायचं नाही, हे आपणच लेकींना शिकवतो. बायका जात नाहीत म्हणून जागा ओसाड, आणि ओसाड म्हणून बायका जात नाहीत.

अशी ओसाड जागा फार दिवस टिकतही नाही. एक दिवस टेकडीच्या पायथ्याशी मुरूम काढायला जेसीबी येतो. मग चुन्याच्या रेघा, मग 'निसर्गरम्य एनए प्लॉट' असा फलक. त्यावर भांडायला कोण जाणार? जे तिथे रोज चालतात तेच जातात. मारी बाइल्स बूडीसाठी भांडली, कारण तिने तिथे मुक्काम केला होता.

तेव्हा एक सुचवते. चौघी-पाच जणी मिळून महिन्यातला एक रविवार ठरवा. सकाळी सहाला निघून दहाला परत. घरी पोह्यांची जबाबदारी ज्याची त्याच्यावर. सोबत भजनी मंडळाचं, भिशीचं नाव नको, फिरायला म्हणूनच निघा. आणि त्या वेळी पाहून ठेवा, वाट कुठे तुटते, कुठे पाटी हवी, कुठे स्वच्छतागृह हवं. हे लिहून नगरपरिषदेत अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच मात्र विसरू नका, तिच्याशिवाय अर्ज दिल्याचा पुरावा राहत नाही.

आणखी एक कागद आहे, तो आपण बायका कधी बघत नाही. शहराचा विकास आराखडा. टेकडी हरित विभागात आहे की रहिवासी, तिथून रस्ता दाखवलाय का, हे त्यात नकाशावर असतं. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी ठरावीक मुदत असते, आणि हरकत कुणालाही घेता येते, सातबारावर नाव नसलं तरी. तुमच्या नगरपरिषदेत तो नकाशा बघायला मिळतो. टेकडीचा सर्व्हे नंबर आधी तलाठ्याकडून लिहून घ्या, चष्मा बरोबर ठेवा. त्यावरची अक्षरं फार बारीक असतात.