किलोने नको, घनफुटाने मोजा

वसई-विरारमध्ये जुना इमला मोडायला निघाला की आधी लोखंडाचा भाव ठरतो, मग कौलांचा. तुळया, खांब, वासे आणि दारांच्या चौकटी यांचा वेगळा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. घरमालकाला जागा लवकर मोकळी हवी असते, म्हणून तो सगळा इमला ठेकेदाराला उक्ता देऊन टाकतो. त्यातले सरळ, लांब सागवान मुंबईच्या व्यापाऱ्याकडे जाते. उरलेले सरपण म्हणून किलोवर विकले जाते. जे लाकूड किलोवर गेले ते जळणार आणि जे घनफुटावर गेले ते पुन्हा दार, टेबल किंवा पलंग होणार. शहराने या साध्या फरकाकडे लक्ष द्यायला हवे.

निर्मळ, आगाशी, पापडी, बोळींज या गावांतल्या जुन्या घरांत जे सागवान आहे, त्या जाडीचे नवे लाकूड आज सहज मिळत नाही. मुंबईत 1863 साली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि पुढे बर्मा सागवान या परिसरातल्या बांधकामांत सर्रास वापरले गेले. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. म्हणजे पाडल्या जाणाऱ्या एखाद्या घराची तुळई बर्मा सागाची असेल, तर तिच्या तोडीचा नवा ओंडका आता तिथून येणार नाही. अशी तुळई सरपणात जाणे हे सरळ सरळ नुकसान आहे.

दुसरीकडे वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत फर्निचरची कामे चालू असतात. तिथे प्लाय, एमडीएफ आणि पाइन वापरले जाते, आणि आयात लाकडाची देशातली मोठी पेठ आहे ती दूर गुजरातेत, कांडला-गांधीधामला. ज्या सुताराला जुन्या सागाची एकच आठ फुटी फळी हवी, तो रे रोडच्या वखारी किंवा ओशिवऱ्याचा जुना बाजार गाठतो. तसेच लाकूड त्याच्या गाळ्यापासून चार-पाच किलोमीटरवर मोडले जात असेल, तरी ते त्याला कळायची सोय नाही.

मधला दुवा असायला हवा तो आरागिरणीचा. पण गिरण्या मोजक्या, आणि त्याला कारण आहे. वनसंरक्षणाच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 1997 रोजी राज्यातल्या विनापरवाना आरागिरण्या बंद करायला लावल्या आणि ऑक्टोबर 2002 च्या आदेशाने नव्या गिरण्यांची वाट आणखी अरुंद केली. जंगल वाचवायचे तर हे गरजेचेच होते. मात्र ज्या परवानाधारक गिरण्या आहेत, त्यांनी जुने लाकूड चिरून द्यायला काय हरकत आहे? हरकत खिळ्यांची. शंभर वर्षांच्या तुळईत मोडून आत राहिलेला एक खिळा पात्याचे दात घालवतो, प्रसंगी पाते तुटून माणूस जखमी होतो. म्हणून गिरणीवाला जुना माल बघताच नको म्हणतो. हातात धरायचे साधे धातुशोधक यंत्र, पक्कड आणि खिळे काढायला बसवलेला एक माणूस एवढ्यावर हा अडसर दूर होतो. त्या मजुरीसाठी चिराईचा दर थोडा चढा लावला, तरी गिऱ्हाईक तो देईल.

घेणाऱ्यालाही थोडी पारख लागते. तुळईवर बोटाने ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे. भोके जुनी असतील तर चालतात. भोकाखाली पिठासारखी ताजी भुकटी पडलेली दिसली तर आत किडा जिवंत आहे. एका टोकाला रंधा मारला की काळपट थराखालून सागाचा सोनेरी तपकिरी रंग आणि तेलकट वास येतो. बाहेरचा पांढरट भाग वाळवीला लवकर बळी पडतो, तेव्हा किंमत गाभ्याचीच धरावी. मापाचेही कळायला हवे. गोल ओंडका बाजारात घेराच्या चौथाईने मोजतात: घेर 4 फूट, लांबी 10 फूट, तर माल 10 घनफूट. त्या ओंडक्याचे खरे आकारमान पावणेतेरा घनफुटांच्या आसपास असते. चिराईत जाणारी तूट या पद्धतीत आधीच धरलेली आहे. चौकोनी तुळईला ही सवलत नाही, म्हणून खाचा आणि कुजलेली टोके वजा करूनच सौदा करावा. आणि पावती घ्यावीच. साग, फणस, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे 1964 च्या राज्य वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. लाकूड कुठून आले हे दाखवता आले पाहिजे.

घरांइतकीच नासाडी पडलेल्या झाडांची होते. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा ठिकठिकाणी झाडे उन्मळली. रस्ता मोकळा करायची घाई असते, त्यामुळे झाड पडले की दोन-दोन फुटांचे तुकडे होतात आणि त्यांची फळी निघत नाही. पहिले दोन काप आठ-नऊ फुटांवर घेतले असते तर तेच खोड चिरता आले असते. रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाचेच पाहा. आपल्याकडे त्याची गणना जळणात होते. हवाई आणि फिलिपिन्समध्ये त्याच गडद तपकिरी लाकडाची भांडी आणि टेबले होतात. ओल्या लाकडाला मात्र धीर हवा. इंचभर जाडीला साधारण वर्षभराची वाळवणी लागते, तीही सावलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून. वसईच्या दमट हवेत थोडी जास्तच.

हे काम महापालिकेच्या आवाक्याबाहेरचे नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराचा वृक्ष विभाग कॅम्प स्मॉल नावाच्या आवारात शहरातली तोडलेली झाडे आणतो, वर्गवारी करतो आणि ओंडके, फळ्या विकतो. तिथल्याच पोर्टलंड शहराने 2016 मध्ये नियम केला की 1916 किंवा त्याआधीची घरे यंत्राने भुईसपाट न करता सुटी करून काढायची, म्हणजे लाकूड वाचते. पुढे ही मर्यादा 1940 पर्यंत आणली. आपल्याकडे 2016 च्या पाडकाम कचरा नियमांनी मोठ्या बांधकामांना वर्गीकरण बंधनकारक केले, पण त्यात लोखंड, लाकूड आणि प्लास्टिक एकाच गटात होते. लाकडाला निदान स्वतंत्र गट तरी मिळायला हवा होता.

वसई-विरार महापालिकेने पाडकामाच्या परवानगीत एकच अट घालावी: जुने लाकडी घर मोडण्याआधी 15 दिवस तुळया-खांबांची यादी प्रभाग कार्यालयात लावायची. सुतार, गिरणीवाले, घर बांधणारे ती पाहतील आणि मालकाशी थेट बोलतील. दुसरे, पडलेल्या झाडांची खोडे ठेवायला एक छपराची जागा द्यावी आणि वृक्ष प्राधिकरणाने दर तिमाहीला घनफुटावर लिलाव करावा. झाडे कापणाऱ्या कर्मचाऱ्यांना आठ फुटांच्या कापाची सूचना तर एका परिपत्रकाने देता येते. पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या मोडीत निघालेल्या लाकडी होड्याही त्याच यादीत याव्यात. फायबरच्या होड्या वाढल्या तशी जुन्या होड्यांची संख्या वाढत जाणार आहे. पुढच्या पावसाळ्याआधी हे परिपत्रक निघाले, तर पहिल्याच वादळात पडलेली खोडे लिलावाला ठेवता येतील.