ती जमीन कोणाची होती?

पश्चिमेकडे सरकत जाणारी वसाहतीची सरहद्द आता उरलेली नाही, असे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेने जाहीर केले. तेरा वर्षांनी, १९०३ मध्ये, एडविन पोर्टर यांचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ आला. दरोडा, पाठलाग आणि शेवटी सगळे दरोडेखोर ठार. वेस्टर्नपटाचा साचा तिथेच तयार झाला.

चित्रपटाचा प्रकार आपण घोडा, टोपी, पिस्तूल यांवरून ओळखतो. अभ्यासक टॉमस शॅट्झ यांनी १९८१ च्या ‘हॉलिवूड जॉनर्स’ या ग्रंथात त्याहून पक्की खूण सांगितली: गोष्ट घडते कुठे आणि संघर्ष मिटतो कसा? वेस्टर्नपटात आणि गुन्हेगारीपटात भूमीच वादातली असते, तिथे सत्ता कोणाची हे ठरायचे असते. म्हणून ‘लिटल सीझर’चा (१९३१) नायक पोलिसांच्या गोळ्यांनी मरतो आणि ‘शेन’चा (१९५३) नायक खलांना संपवून खोरे सोडून जातो. संगीतपटात, प्रणयविनोदात समाज आधीच वसलेला असतो. तिथला झगडा स्वभावांचा आणि वर्गांचा असल्याने तो लग्नाने मिटतो. महामंदीच्या काळात, १९३४ मध्ये, फ्रँक काप्रा यांनी ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये धनाढ्याची लेक आणि नोकरी गेलेला बातमीदार यांची गाठ घालून दिली.

म्हणजे भूमी कोणती मानली, यावर कोणाला जगू द्यायचे हे ठरते. जॉन फोर्ड यांनी ‘स्टेजकोच’ (१९३९) आणि ‘द सर्चर्स’साठी (१९५६) मॉन्युमेंट व्हॅलीचा उजाड माळ निवडला. तो माळ ओसाड नव्हता, नवाहो लोकांचा होता. त्याच लोकांनी या चित्रपटांत अपाची आणि कोमांची म्हणून शत्रूची कामे केली. ‘द सर्चर्स’च्या शेवटी मात्र फोर्ड यांनाही जुना तोडगा पुरला नाही. पुतणीला घरी आणणारा नायक स्वतः उंबऱ्याबाहेरच राहतो आणि दार लागते.

आपल्याकडेही शेवट कोणाच्या हाती असतो, हे ‘शोले’ने (१९७५) दाखवले. ठाकूर गब्बरला ठार मारतो, हा मूळ शेवट आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावला आणि गब्बर पोलिसांच्या ताब्यात गेला. सूड कोणी घ्यायचा, हे सरकारने ठरवले.

चित्रपट संपताना नायक जिंकला का, एवढेच पाहून उठू नका. ती जमीन कोणाची होती आणि दाराबाहेर कोण राहिले, हेही विचारा.