दया आणि आदर

सहानुभूती हा सद्गुण आहे, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. परंतु सहानुभूतीच्या पोटी आदर असतोच असे नव्हे. आणि आदरावाचून सहानुभूती अपुरी पडते, असे आमचे मत आहे. दोन सुप्रसिद्ध पुस्तकांच्या आधारे ते आम्ही येथे मांडीत आहो.

पहिले पुस्तक आपल्याच जिल्ह्याचे. दापोली तालुक्यातील पालगड येथे १८९९ साली जन्मलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तीत अस्पृश्य मानलेल्या जातीतील एका वृद्धेचा प्रसंग आहे. तिची लाकडांची मोळी खाली पडते. कोणी हात लावीत नाही. श्यामची आई मुलास ती मोळी तिच्या डोक्यावर चढवून देण्यास पाठविते. मात्र घरी येऊन स्नान करावयासही सांगते. त्या काळी, त्या गावी, एका ब्राह्मण स्त्रीने एवढे करणे हे धैर्यच होय. तथापि विद्यार्थ्यांनी क्षणभर त्या वृद्धेच्या जागी उभे राहून पाहावे. मोळी उचलली गेली, हे तिला सुखाचेच. परंतु उचलणाऱ्या मुलास स्नान करावे लागणार, हे तिला ठाऊक नसेल काय?

दुसरे पुस्तक सातासमुद्रांपलीकडचे. हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. तीत टॉम रॉबिन्सन नामक निरपराध कृष्णवर्णीय मजुरावर खोटा आळ येतो. एका गोऱ्या मुलीची कामे तू फुकट का करीत होतास, असे न्यायालयात विचारले असता, तिची कीव आली म्हणून, असे तो सरळ सांगतो. आणि तेच उत्तर त्याच्यावर उलटविले जाते. काळ्याने गोरीची कीव करावी, हा तेथे उद्धटपणा ठरतो! कारण उघड आहे. कीव वरच्याने खालच्याची करावयाची, असा जगाचा समज. दया उतारावरून वाहते; आदरास सपाट भूमी लागते.

साने गुरुजी दयेपाशी थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी प्राण पणास लावून उपोषण केले, आणि मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावरच ते सोडले. पुढे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यताच नष्ट केली. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, म्हणजे तेही आपल्याच जिल्ह्यातले.

परंतु कायदा देवळाचे दार उघडू शकतो. स्वयंपाकघराच्या फळीवर मोलकरणीसाठी निराळा ठेवलेला कप त्यास कसा दिसावा? आजीच्या वयाच्या त्या बाईस मुले एकेरी हाक मारतात आणि वडील माणसे ऐकून घेतात. दिवाळीस तिला जुने लुगडे देणारी घरे पुष्कळ. ‘बसा’ म्हणणारी थोडी. पालकांनी लुगडे अवश्य द्यावे. परंतु आधी तो कप फळीवरून काढावा, एवढीच आमची विनंती आहे. मुले पुस्तकांपेक्षा त्या फळीवरून अधिक शिकतात.